सरळ नाही का म्हणाली नाहीस?

गेल्या वर्षी जून महिन्यात घरातल्या जुन्या सीड्यांना बुरशी धरलेली दिसली. वाचतील तेवढ्या लेकीने स्टेशनजवळच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कोकणातली एक सहल, आणि एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं ‘संगीत शारदा, २००४’. ही सीडी मी कधी पूर्ण पाहिली नव्हती. आली तेव्हा एकदा लावली आणि दहा मिनिटांत बंद केली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

या वेळी लेकीने लावली. ती सोळा वर्षांची आहे, अकरावीत. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती आणि मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. पडद्यावर मी आले. परकर-पोलकं, दोन वेण्या, वेण्यांना गोंडे. बापाने आपल्याला एका म्हाताऱ्याला द्यायचं ठरवलंय हे शारदेला कळलेलं असतं, तो भाग चालू होता. मी गात होते, रडत होते. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग मान न वळवता म्हणाली, “आई, यात तू किती वर्षांची?”

“सत्तावीस.”

“मग तू सरळ नाही का म्हणाली नाहीस?”

शारदेला तिने ‘तू’ म्हटलं, ते मलाच. प्रश्न तिने अगदी सहज विचारला होता, त्यात टोमणा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या नाटकातली ही मुलगी का बोलू शकत नाही, हे तिला खरंच कळलं नव्हतं. तिला दिसत होती एक धडधाकट, शिकलेली वाटणारी, भरल्या गळ्याची बाई. अशा बाईने पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला बघून नुसतं रडायचं कशाला? दार उघडून निघून जायचं. माझ्या हातातली चादर अर्धवट दुमडलेली तशीच राहिली. वीस वर्षांपूर्वी दहा मिनिटांत सीडी का बंद केली होती, त्याचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं.

कारण हाच प्रवेश, हीच मी, हेच कपडे घेऊन गडकरी रंगायतनला केला होता तेव्हा बाल्कनीतून हुंदके ऐकू आले होते. राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी संस्थेने शारदा बसवलं होतं, आणि स्पर्धेनंतर ठाण्यातच दोन प्रयोग लावले होते. प्रयोग संपल्यावर विंगेत एक आजी आल्या. पांढरंशुभ्र नऊवारी, हातात छोटा रुमाल. त्यांनी माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि म्हणाल्या, “पोरी, किती गं लहान वयात तुझ्यावर हे.” माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, नुकतंच काढून ठेवलेलं परत घातलेलं. ते त्यांना दिसत होतं. तरी त्यांच्या दृष्टीने मी अजून चौदाचीच होते.

ते वय मी त्यांना दिलं नव्हतं, त्यांनी मला दिलं होतं. नाटकाला येणारा माणूस तिसऱ्या घंटेनंतर काही गोष्टी मानून घेतो. रंगवलेलं कापड म्हणजे वाडा. दोन पावलं म्हणजे दोन गावं. मिशा काढलेला पुरुष म्हणजे रुक्मिणी. आपल्या रंगभूमीला तर याची सवय फार जुनी आहे. बालगंधर्व १९०५ साली शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते, आणि पुढे वय चाळिशीपलीकडे गेलं, अंग भरलं, तरी नवयौवना म्हणून त्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं. लोकांना दिसत नव्हतं असं नाही. बघायचं काय आणि सोडून द्यायचं काय, हे लोक ठरवून आलेले असायचे. पण याच बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त काम केलं, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते आणि भूमिका होती संत एकनाथांची. ज्यांच्या शालू नेसण्याची पद्धत घराघरांतल्या बायकांनी उचलली, ते कॅमेऱ्यापुढे पुरुषाच्या वेशात उभे राहिले. या एका गोष्टीत मला रंगमंच आणि पडदा यांच्यातला सगळा फरक दिसतो.

आमच्या नाटकाची सीडी काढायची कल्पना चांगल्या हेतूनेच निघाली होती. एका ओळखीच्या गृहस्थांनी पैसे घातले, एक सभागृह दोन दिवसांसाठी घेतलं, तीन कॅमेरे लावले. सेट तोच, ऑर्गनवाले काका तेच, आम्ही तेच. रंगभूषा करायला आमचे नाना होते. नाना तोपर्यंत चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना हात लावत आले होते. त्या दिवशी त्यांनी माझा चेहरा रंगवून झाल्यावर मान रंगवायला घेतली, मग हात, मग पुन्हा मान. मी म्हटलं, “नाना, बास की.” ते म्हणाले, “चेहरा माझ्या हातात आहे बाळा. मान नि हात नाहीत.”

ते काय सांगत होते ते मला छोट्या मॉनिटरवर दिसलं. गडकरीच्या दहाव्या रांगेतल्या माणसाला माझी मान दिसतच नव्हती, त्याला वेण्या दिसत होत्या आणि वेण्या हलताना दिसत होत्या. कॅमेऱ्याला घसा दिसत होता, गाताना त्यावर उठणाऱ्या दोन शिरा दिसत होत्या. डोळ्यांखालची ती बारीक घडी दिसत होती, जी चौदाव्या वर्षी कुणाच्याच चेहऱ्यावर नसते. आणि माझं रडणं! ते बाल्कनीपर्यंत पोचावं म्हणून मी तीन महिने घडवलं होतं. हात किती उचलायचा, खांदे किती थरथरवायचे, श्वास कुठे तोडायचा, सगळं मापात. ते मापच दूरच्या माणसासाठी होतं. हातभर अंतरावरून ते बघताना एक मोठी बाई मुलीचं सोंग घेऊन रडताना दिसत होती. मी वाईट काम केलं नव्हतं, हे मला आज ठामपणे म्हणता येतं. तेच काम दुसऱ्या घरात नेऊन ठेवलं होतं.

लेकीचा प्रश्न डोक्यात घोळत असतानाच मी ‘डिअर इव्हान हॅन्सन’ पुन्हा पाहिला. २०२१ साली आलेला हा सिनेमा मी आधीही पाहिला होता आणि माझं त्याच्याशी काहीतरी बिनसलं होतं. तेव्हा सगळ्यांचं बिनसलं होतं, आणि सगळेच एक गोष्ट बोलत होते, की नायक शाळकरी दिसत नाही. ते खरंच होतं. पण एवढंच म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

मूळ संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं डिसेंबर २०१६ मध्ये. पुढच्या वर्षी त्याला सहा टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे मानाचे पुरस्कार मिळाले, त्यातला एक इव्हानची भूमिका करणाऱ्या बेन प्लॅटला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. सिनेमाचं चित्रीकरण २०२० साली झालं, तेव्हा २७ चा. माझ्या सीडीतलं वय. इव्हान हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला मुलगा. माणसांना घाबरणारा, तळव्यांना घाम सुटणारा, मित्र नसलेला. समुपदेशकाने सांगितलं म्हणून तो स्वतःलाच पत्रं लिहितो. त्यातलं एक पत्र वर्गातल्या एका मुलाच्या हाती पडतं, तो मुलगा आत्महत्या करतो, आणि खिशात सापडलेलं पत्र त्यानेच इव्हानला लिहिलं असं त्याच्या आईवडिलांना वाटतं. इव्हान ते खोडून काढू शकत नाही. आपण त्याचे जिवलग मित्र होतो, असं सांगून बसतो. मग एक खोटं निभावायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. खोट्या मेल लिहिल्या जातात. त्या दुःखी घरात त्याला जेवायला बोलावलं जातं, माया मिळते, त्या मुलाच्या बहिणीचं प्रेमही मिळतं.

ही गोष्ट ऐकतानाच अंगावर काटा येतो. किती भयंकर चूक आहे ही! तरी नाटक बघणारे या मुलासाठी रडले. का रडले? कारण सतराव्या वर्षी खोटं बोलताना ते खोटं उद्या केवढं होईल याचा अंदाज नसतो. समोर एक आई हुंदके देत असते, तिला हवं ते एक वाक्य आपल्यापाशी असतं, आणि आपण ते देऊन टाकतो. उद्याचा दिवस दिसतच नाही त्या वयात. मी अशा मुलांबरोबर दर उन्हाळ्यात काम करते, मला हे माहीत आहे. एका मुलाने घरी सांगितलं होतं की मी शिबिराच्या नाटकात नायक आहे, आणि नव्हता. आईवडील प्रयोगाला हार घेऊन आले. तो विंगेत पडद्याला घट्ट धरून उभा होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला शिक्षा करावी असं कुणालाही वाटलं नसतं. जवळ घ्यावंसं वाटलं.

आता हेच खोटं सत्तावीस वर्षांच्या चेहऱ्याने बोललं गेलं, की त्याला दुसरं नाव मिळतं. फसवणूक. शोकात बुडालेल्या घरात शिरून पाहुणचार घेणारा माणूस. संवाद तेच, सूर तेच, चूक तीच. पण आपल्याकडे माणसाच्या चुकीला माफी द्यायची की नाही, हे त्याच्या वयावर फार अवलंबून असतं, आणि वय आपण कागदावर वाचत नाही, अंगावर वाचतो. हनुवटीवर, मनगटावर, उभं राहण्याच्या पद्धतीवर. प्रेक्षकांना बेन प्लॅटचा चेहरा खटकला असं लोक म्हणाले. मला वाटतं, त्या चेहऱ्यामुळे त्यांना इव्हानला माफ करता आलं नाही, आणि माफ करता आलं नाही म्हणून चेहरा जास्त खटकला. माझ्या लेकीला शारदेची दया येईना, ती याच कारणाने. मोठ्याच्या अंगात घातलेली असहायता पटत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला वयापेक्षाही जास्त टोचली. रंगमंचावर हे नाटक उघडतं ते दोन आयांच्या गाण्याने. एक इव्हानची आई, एक त्या दुसऱ्या मुलाची. दोघी आपापल्या घरात सकाळच्या घाईत, आणि आपल्या पोराशी कसं वागावं याचा काही रस्ता सापडत नाही म्हणून गोंधळलेल्या. म्हणजे प्रेक्षकाला इव्हान पहिल्यांदा दिसतो तो कुणाचा तरी मुलगा म्हणून. आईच्या काळजीतून दिसतो. तिने एकदा त्याला ‘माझं लेकरू’ म्हणून आपल्या हाती दिलं, की मग तेविशीतला नट असला तरी आपण त्याला लेकरूच समजतो. सिनेमात हे गाणं काढून टाकलं. सिनेमा थेट इव्हानच्या एकट्याच्या गाण्याने सुरू होतो. पुढे त्याची आई आणि त्याचे सोबती त्याच्यावर संतापतात, ते गाणंही काढलं. ज्या गाण्यांनी त्याला लहान केलं असतं, घरच्या माणसांच्या नात्यांत बांधलं असतं, तीच गेली. वय लपवायला केस कुरळे ठेवले, खांदे आत वळवून चालायला लावलं. वय देणारी आई मात्र पहिल्या दारात उभी नव्हती. कास्टिंगची चर्चा करताना हे कुणी बोलत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

याच भूमिकेत २०१९ च्या जानेवारीत ब्रॉडवेवर अँड्र्यू बार्थ फेल्डमन हा मुलगा उभा राहिला होता, तेव्हा तो फक्त सोळा वर्षांचा होता. म्हणजे सोळाव्या वर्षी हे गाणं पेलत नाही, असं म्हणता येणार नाही.

मोठ्यांना मुलं म्हणून घेतलेलं नेहमीच फसतं असंही नाही. १९७८ चा ‘ग्रीस’ घ्या, तोही आधी रंगमंचावर गाजलेला. चित्रीकरणाच्या वेळी त्यातली शाळकरी नायिका झालेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन २८ वर्षांची होती. आपण शाळकरी दिसू का याची तिला इतकी धास्ती होती की आधी स्क्रीन टेस्ट घ्या, मग ठरवू, असं तिने स्वतःच सांगितलं. तिचं हे मला फार आवडतं. जबाबदार नटीने असंच करावं. तिच्या शाळेतली रिझो झालेली स्टॉकर्ड चॅनिंग तर ३३ ची. तरीही सिनेमा पन्नास वर्षांच्या घरात आला तरी लोक गात बसतात. तिथे आख्खी शाळाच मोठ्यांची आहे, आणि गोष्टीत कुणाच्या माफीचा प्रश्न नाही. ती मोठ्या माणसांनी आठवलेली शाळा आहे. आठवणीत आपण स्वतःला आजच्याच अंगाने बघतो. मीसुद्धा माझी दहावी आठवते तेव्हा वर्गात आजची मीच बसलेली असते.

त्याच वर्षी ‘द विझ’ आला, घरापासून दूर हरवलेल्या डोरोथी या मुलीची गोष्ट. रंगमंचावर त्यातली डोरोथी केली होती स्टेफनी मिल्सने, सतराव्या वर्षी. सिनेमात डायना रॉस आली, चित्रीकरणाच्या वेळी ३३ ची. तिथे त्यांनी डोरोथीचंच वय वाढवलं, तिला न्यूयॉर्कच्या हार्लेममधली २४ वर्षांची शिक्षिका केलं. सिनेमा चालला नाही, पण निदान नटीला वय लपवण्याचं ओझं बरंचसं कमी झालं. वय वाढलं की मुलगी हरवण्याची गोष्ट उरत नाही, घराबाहेर पाऊल टाकायला भिणाऱ्या बाईची गोष्ट होते. ती वेगळी गोष्ट असते आणि तिला वेगळं म्हणूनच मांडावं लागतं.

‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकावरचे दोन सिनेमे तर शेजारी शेजारी ठेवून बघावेत. त्याची कोवळी नायिका मारिया. १९६१ च्या सिनेमात मारिया झालेली नॅटली वूड २२ ची होती आणि तिचा गळा मार्नी निक्सनचा. साठ वर्षांनी स्टीव्हन स्पीलबर्गने मारियासाठी खुली निवड ठेवली, हजारो मुलींतून रेचल झेग्लर निवडली, तेव्हा ती १७ ची. गायली स्वतःच. तिच्या आवाजात एक न मुरलेपण आहे, वरच्या सुराला पोचताना आनंदाने उडी मारल्यासारखं. गायनाच्या परीक्षेत कदाचित त्याचे गुण कमी होतील. मारियाला मात्र तेच शोभतं. कारण आवाजालाही वय असतं. शारदेची माझी पदं मी बारा वर्षांच्या शिक्षणानंतर गायले होते. ताना स्वच्छ होत्या, वन्समोअर मिळाला होता, आणि चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून त्या ताना कुठून येतात, हा प्रश्न नाट्यगृहात कुणी विचारत नाही. तो नाट्यसंगीताचा करार आहे. कॅमेरा त्या करारावर सही करत नाही.

आपल्याकडे ‘सैराट’मध्ये रिंकू राजगुरू होती, शाळेत जाणारी मुलगी. ती ट्रॅक्टर चालवताना दिसली की छाती अभिमानाने भरून यायची आणि पोटात गोळाही यायचा. दोन्ही एकदम. तो गोळा पंचविशीच्या नटीने आला नसता.

मग निर्माते खरी मुलं का घेत नाहीत? त्यांना दोष देण्याआधी त्यांची अडचण मी स्वतः भोगलेली आहे. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपुढे विश्रांती द्यावी लागते, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. चांगले नियम आहेत, हवेतच. कॅलिफोर्नियात तर अठराच्या आतल्यांचेही तास बांधलेले असतात आणि सेटवर शिकवायला शिक्षक ठेवावा लागतो. मोठा नट घेतला की दिवसाला बारा तास मिळतात. शिवाय मुलग्यांचा आवाज कधी फुटेल याचा नेम नसतो. मागच्या वर्षी माझ्या शिबिरातला एक गोड गळ्याचा मुलगा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मध्यम लीलया लावत होता आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःच्याच गळ्याची ओळख पटेना.

पण माझी खरी काळजी तासांची नाही. शारदा काय, इव्हान काय, या भूमिका दुःखाच्या आहेत. मी सत्तावीस वर्षांची होते, तरी प्रयोगानंतर घरी जाताना तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्याशिवाय मला शारदा अंगावरून उतरवता यायची नाही. मासुंदा तलावाकडे बघत, शेंगदाणे खात, नवऱ्याशी काहीतरी घरगुती बोलत. मोठ्या माणसाला बाहेर यायचं दार ठाऊक असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण आत नेलं, तर ते दार तिच्यासाठी उघडं धरून उभं राहणं हे दिग्दर्शकाचं काम आहे, आणि ते रोज करावं लागतं. जो हे करायला तयार नाही त्याने मोठा नट घ्यावा, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त मग कॅमेरा जरा मागे ठेवावा. सगळ्या गोष्टी हातभर अंतरावरून बघायच्या नसतात.

बेन प्लॅटबद्दलही मला वाईट वाटतं. ती भूमिका त्याने नाटक अजून घडत होतं तेव्हापासून अंगावर वाढवली होती. इव्हानचं अडखळणं, शर्टाची कड ओढणं, श्वास मध्येच गिळणं, हे सगळं त्याच्या शरीरातून आलं. अशी भूमिका दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तिशीला मी शारदा सोडली. संस्थेने एकोणीस वर्षांची मुलगी निवडली आणि तिला पदं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी तिला पहिलं पद सांगितलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ती मुलगी माझ्यापेक्षा बेसूर होती आणि माझ्यापेक्षा चांगली शारदा होती. हे दोन्ही मला एकाच तालमीत कळलं. आपल्या भूमिकेचं आपल्यापेक्षा वय कमी राहतं, ती तिथेच थांबते, आपण पुढे जातो. बेनला कुणी तरी प्रेमाने हे वेळेवर सांगायला हवं होतं, असं मला वाटत राहतं. सिनेमाच्या निर्मात्यांत त्याचे वडीलही होते, आणि वडिलांना आपला मुलगा कधी मोठा दिसत नाही. यात कुणाचा दोष काढू?

लेकीच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी उत्तर दिलं नाही. या उन्हाळ्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आमचं शिबिर लागलं, तेव्हा मी मुलांना एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत करायला दिला. संहिता नाही, गाणं नाही. घर आहे, संध्याकाळ आहे. बापाने मुलीचं लग्न परस्पर ठरवलंय आणि तो ते तिला सांगतोय. बाप झाला आमच्यातला पन्नाशीचा एक जुना नट, कारण बाप मोठाच हवा. शारदा म्हणून उभी राहिली कळव्याहून येणारी एक मुलगी. पंधरा वर्षांची, नुकती दहावी दिलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनापलीकडे तिने काही केलेलं नव्हतं. लेक कोपऱ्यात मोबाइलवर चित्रीकरण करत होती.

बापाने सांगितलं. मुलगी गप्प. तिच्या ड्रेसच्या बाहीचा एक धागा निघालेला होता, तो ती बोटाला गुंडाळत राहिली, बोटाचं टोक लाल होईपर्यंत. बाप म्हणाला, “ऐकतेयस ना?” ती म्हणाली, “हो.” तो म्हणाला, “मग?” ती काही बोलेना. मला वाटलं ती अडकली, शब्द सुचत नाहीत, आता थांबवावं. मी हात वर करणार तेवढ्यात बापाने आवाज चढवला. भूमिकेतच, ठरल्याप्रमाणे. “तोंड आहे ना? बोल की!”

तिने बापाकडे बघितलं नाही. तिने वळून हॉलच्या दाराकडे बघितलं. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी, मांडीवर डबा घेऊन, तिची आई बसली होती.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मोबाइल धरलेला लेकीचा हात हळूहळू खाली आला. मी प्रसंग थांबवला, त्या मुलीला जवळ बोलावलं, बोटावरचा धागा सोडवला आणि तिला आईकडे पाठवलं, पाणी पिऊन ये म्हणून. मग वही उघडून शारदेच्या पानावर, वीस वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या ‘खांदे, श्वास, हात उजवा’ याच्या शेजारी, पेन्सिलीने लिहिलं: दाराकडे बघते.